ग्राफिक्स सॉफ्टवेअरला सूचना पाठवताय? या चुका टाळा

गिम्प, इंकस्केप, क्रिटा या चित्रं करायच्या मोफत सॉफ्टवेअरच्या डेव्हलपरना कोणीही सूचना पाठवू शकतं. नागपुरातली डीटीपीवाली पोरं पाठवतातही, याचा मला आनंद आहे. पण निम्म्या सूचना एकाच ओळीच्या असतात: ‘फोटोशॉपसारखं करा.’ त्यातून समोरच्याला काही कळत नाही. कोणतं काम करत होतात, कुठे अडलात, ते लिहा.

महालातल्या एका फ्लेक्सच्या दुकानातला मुलगा गिम्पवर भयंकर चिडला होता. “भाऊ, कंट्रोल-एस दाबलं तर जेपीजी सेव्हच नाही करून राहिलं! काहून असं केलं यांनी?” पूर्वीसारखं करा, अशी सूचनाही त्याने लिहून ठेवली होती. २०१२ च्या २.८ आवृत्तीपासून गिम्पमध्ये सेव्ह केलं की एक्ससीएफ ही गिम्पची स्वतःची फाइलच होते, जेपीजीसाठी एक्सपोर्ट आहे. जेपीजीत लेअर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले सुटे थर, उरत नाहीत, म्हणून ही सोय. त्याला हे पटेना. तेवढ्यात गणेश मंडळाचे लोक आले, फ्लेक्सवरची तारीख बदलून द्या म्हणाले. याच्याकडे फक्त जेपीजी. तारखेमागची नक्षी क्लोन टूलने भरता भरता रात्र गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने सूचना नव्याने लिहिली: गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर नमुना पाठवायचा तर आधी नावाची खिडकी, मग क्वालिटीची, यातली एक पायरी वाचवता येईल का? ही खरी सूचना. यावर चर्चा तरी होऊ शकते. घाईघाईत लिहिलेली पहिली सूचना गेली असती, तर कोणीतरी दोन ओळींत कारण सांगून ती बंद केली असती.

जुन्या आवृत्तीवर तक्रार करू नका. गिम्पमध्ये पेस्ट केलेलं चित्र कोणत्याही लेअरवर न बसता तरंगत राहतं, ही तक्रार मी अजून ऐकतो. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ३.० मध्ये ते सरळ नव्या लेअरवर जातं.

सूचना लिहिण्याआधी प्रेफरन्सेस, म्हणजे सेटिंग्ज, उघडून बघा. राखाडी आयकॉन आवडत नसतील तर थीम तिथेच बदलते.

एका पत्रात दहा मागण्या नकोत.

सॉफ्टवेअरच्या खिडकीच्या नव्या रचनेचं देखणं चित्र पाठवणाऱ्यांना एकच विचारतो: आत्ता तिथे असलेली बटणं कुठे गेली? ते दाखवत नाहीत तोवर मी असं चित्र पुढे पाठवत नाही.

स्क्रीनचा फोटो मोबाईलने काढू नका, स्क्रीनशॉट जोडा. आवृत्ती, विंडोज की लिनक्स आणि स्क्रीनचं रिझोल्यूशन लिहा. १३६६ बाय ७६८ च्या लॅपटॉपवर लेअरची यादी किती आखूड दिसते, हे मोठ्या मॉनिटरवर काम करणाऱ्याला एरवी दिसणारच नाही.