परड्यातलं कंपोस्ट गरम ठेवायचं तर

कंपोस्ट उन्हाने तापत नाही. एप्रिलच्या उन्हात वरचा पाला कडकडीत आणि आत हात घातला तर गार, असे ढीग कोकणात घरोघरी दिसतात. आतली ऊब जिवाणूंची असते. कचरा खाताना ते सोडतात ती उष्णता ढिगात अडकून राहिली तर ढीग तापतो, निसटली तर नुसता कुजत बसतो. हवं ते तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअस. ५५ च्या वर सलग ३ दिवस राहिलं की बहुतेक रोगजंतू आणि तणांचं बरंचसं बी मरतं. ७० च्या पुढे मात्र कामाचे जिवाणूही मरू लागतात.

म्हणून आधी आकार. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी साधारण १ मीटर हवी. ६० लिटरच्या पिंपातही खत होतं, पण त्याची ऊब बाजूंनी निघून जाते. तीन बाजूंना चिरे कोरडेच रचावेत, मध्ये बोटभर फटी ठेवाव्यात. पुढची बाजू काढता-घालता येणाऱ्या फळ्यांची. तळाला नारळाच्या सोडणांचा वीतभर थर द्यावा, म्हणजे पाणी निथळतं आणि खालून हवा मिळते. सोडणं वरच्या मिश्रणात घालू नयेत, ती वर्षभरातही धड कुजत नाहीत.

आंबा-काजूचा पाला फुकट आणि भरपूर, पण खोडीही त्याचीच. तो चिवट, गुळगुळीत. पानावर पान बसून त्याच्या थाप्या होतात, मग हवा आत जात नाही आणि पाणी वरूनच घसरतं. पायाखाली तुडवून किंवा कोयत्याने बारीक करून रात्रभर भिजवावा, मग वापरावा. एका थराचं माप असं: भिजवलेला पाला ४ घमेली, गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडियाच्या) कोवळ्या फांद्या किंवा हिरवं गवत २ घमेली, ताजं शेण अर्धं घमेलं. असे १२ थर झाले की मीटरभर उंची होते. जिवाणूंना साधारण ३० भाग कार्बनला १ भाग नत्र लागतं. वाळका पाला कार्बन देतो, गिरिपुष्प आणि शेण नत्र. कुंपणाला गिरिपुष्प असेल तर युरियाकडे बघायचीही गरज नाही.

हे सगळं एका दिवसात भरायचं. रोज मूठभर सालं टाकून ढीग कधीच तापत नाही. स्वयंपाकघरातला कचरा झाकणाच्या बादलीत, थराथराला भाताचं तूस भुरभुरून ८-१० दिवस साठवावा आणि भरताना ढिगाच्या मधोमध घालावा. माशांचे काटे, कोळंबीची टरफलंही तिथेच, वीतभर खोल. नाहीतर रात्री कुत्री ढीग उकरतात. खाऱ्या माशांचं धुवण नको. चुलीची राखही घमेल्याने ओतू नये, तिच्या अल्कतेमुळे नत्र अमोनिया होऊन उडून जातं.

ओलावा मुठीने बघायचा. घट्ट दाबल्यावर एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर जास्त, मूठ उघडताच गोळा फुटला तर कमी.

२-३ दिवसांत ढीग तापायला हवा. लांब दांड्याचा थर्मामीटर नसेल तर लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसून १० मिनिटं ठेवावी. बाहेर काढल्यावर २-३ सेकंदही धरवत नसेल तर काम चालू आहे. सळई नुसती कोमट लागू लागली, किंवा थर्मामीटर ६५ ओलांडू लागला, की ढीग पालटायचा: कडेचा माल आत, आतला कडेला. एरवीही ४-५ दिवसांनी पालटावा. साठलेली बादली त्याच वेळी मध्यात जाते. तिसऱ्या-चौथ्या पालटणीनंतरही तापला नाही तर खाद्य संपलं, असं समजावं.

पण पहिल्यापासूनच गार असेल तर कारण वासावरून कळतं. कुजक्या अंड्याचा वास म्हणजे पाणी जास्त, हवा कमी: उपसून वाळका पाला मिसळा. नाकात झोंबणारा अमोनिया म्हणजे नत्र जास्त, त्यालाही पालाच. वास काहीच नाही आणि मुंग्या फिरताहेत, तर कोरडा पडलाय. वास नाही, ओलावाही ठीक, तरी गार: शेण किंवा गिरिपुष्प कमी पडलं.

खरी परीक्षा पावसाळ्यात. किनाऱ्यावर ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उघड्या ढिगातल्या पोकळ्या पाण्याने भरतात आणि ऊब विझते. जोतं वीतभर उंच घ्यावं, वर उतरता पत्रा किंवा झावळ्यांचा झाप टाकावा, बाजू मोकळ्या ठेवाव्यात. प्लास्टिक थेट ढिगावर गुंडाळलं तर आत पाणी सुटतं आणि हवा कोंडते. एका ढिगाला ७-८ पोती पाला लागतो, तो मे महिन्यातच मांगरात भरून ठेवावा. जुलैत वाळकं पान मिळत नाही.

गार झालेलं खत आणखी महिनाभर मुरू द्यावं, आणि त्या काळात त्यावर बारीक जाळी हवीच. माडाचा शेंडा पोखरणारा गेंड्या भुंगा अशाच खतात अंडी घालतो. ढीग नीट तापला तर आधीची अंडी-अळ्या मरतात, पण मुरताना तो पुन्हा येतो. खत उपसताना बोटाएवढ्या जाड, पांढऱ्या, वाकलेल्या अळ्या दिसल्या तर वेचून कोंबड्यांपुढे टाकाव्यात.