सात दिवसांत सात किलो? आधी गणित मांडा

माझ्या वहिनीने लग्नसराईच्या आधी आठवडाभर नुसतं कोबीचं सूप पिऊन काढला, पाचव्या दिवशी दादरच्या पुलावर चक्कर येऊन मटकन खाली बसली, आणि जे तीन किलो उतरलं होतं ते पंधरा दिवसांत परत आलं. तेव्हापासून कोणी डाएटचा फॉरवर्ड पाठवला की मी पहिलं गणित करते. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी, आपण घर-ऑफिस-लोकल करणारी माणसं दिवसाला जाळतो 2,000च्या आसपास, म्हणजे आठवडाभर पाण्यावर राहिलात तरी चरबी दोन किलोसुद्धा जात नाही! काट्यावर जास्त दिसतं कारण शरीरातल्या साठवलेल्या साखरेसोबतचं पाणी निघून जातं, वर स्नायूही झिजतात.

तर आकडा आणि तारीख देणारं, भात-पोळी कायमची बंद करायला लावणारं किंवा शेवटी पावडर नाहीतर चहा विकणारं डाएट दिसलं की सावध व्हा. त्या डिटॉक्स चहात बऱ्याचदा सोनामुखी असते, तिने जुलाब होतात, चरबी जात नाही. माझी कसोटी डब्याची, हे जेवण वर्षभरानंतरही मी ऑफिसात एक वाजता सगळ्यांबरोबर बसून खाईन का?

खरं काम तेलाच्या बाटलीपाशी आहे. चार माणसांच्या घरात आठवड्याला लिटरभर तेल संपत असेल तर माणशी रोज 36 मिली, म्हणजे जवळजवळ 300 कॅलरी नुसत्या तेलाच्या. मी बाटलीने ओतणं बंद केलं, भाजीला मोजून दोन छोटे चमचे, फोडणी तरीही छान बसते. डब्यात एक पोळी कमी आणि मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर जास्त. संध्याकाळी स्टेशनवर वडापावचा वास आला की पोटात कावळे ओरडतात म्हणून पर्समध्ये भाजलेले चणे ठेवा, आणि रोज अर्धा तास तरी भरभर चाला, शिवाजी पार्कला नाही जमलं तर सोसायटीच्या आवारात.

आठवड्याला अर्धा ते एक किलो उतरलं तर भरपूर झालं. कंबरही मोजा, बायकांची 80 आणि पुरुषांची 90 सेंटीमीटरच्या आत हवी.

आणि शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर प्लीज स्वतःच्या मनाने जेवण तोडू नका, साखर एकदम खाली येते, आधी डॉक्टरांना विचारा.