वकिलीची नवी सनद हाती आल्यावर कोणत्या कामात उभे राहावे?

सनद मिळालेली मुले-मुली सल्ला मागायला येतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा "कशात पैसा आहे?" असा असतो. घरात कोणी वकील नसलेल्या उमेदवाराने मात्र त्याआधी प्रत्येक क्षेत्राबाबत दोन गोष्टी विचाराव्यात: या कामात माझी स्वतःची पहिली फाइल साधारण कधी येईल आणि ती कोण आणून देईल? या दोन प्रश्नांची उत्तरे क्षेत्रागणिक फार वेगळी आहेत.

सुरुवात खर्चाच्या हिशेबापासून करावी. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार नावनोंदणीसाठी कायद्यात ठरलेल्या ७५० रुपयांपेक्षा (अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांपेक्षा) जास्त शुल्क घेता येत नाही, त्यामुळे तो भार हलका झाला आहे. खरा भार पुढच्या दोन वर्षांचा असतो. भारतीय विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत, असे सुचवले. पण ती शिफारस आहे, बंधन नाही, आणि तालुक्याच्या न्यायालयात तिचा उल्लेख केला तर सिनियर हसून विषय बदलतात. तेव्हा प्रवासभाडे, पुस्तके आणि जेवण एवढे तरी दोन वर्षे कोठून भागणार, हे आधी कागदावर मांडावे.

दुसरी गोष्ट पुष्कळांना उशिरा कळते. पूर्ण वेळ पगारी नोकरी धरली की वकिली करता येत नाही आणि सनद स्थगित ठेवावी लागते. कंपनीच्या विधी विभागात जाणाऱ्याने हे समजून जावे. विशेषतः पुढे न्यायाधीश होण्याची इच्छा असेल तर. कारण २० मे २०२५ च्या निकालाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आली आहे. ही वर्षे तात्पुरत्या (वकिलीची अखिल भारतीय परीक्षा देण्याआधीच्या) नावनोंदणीच्या तारखेपासून मोजली जातात आणि न्यायमूर्तींकडे विधी लिपिक म्हणून केलेले कामही त्यात धरले जाते. कंपनीतले काम त्यात धरले जाईल, अशी आशा ठेवू नये.

आता क्षेत्रांकडे येऊ. पुणे-मुंबईबाहेर राहणाऱ्या नव्या वकिलाला मी सर्वांत आधी जमिनीचे काम सुचवतो, आणि त्यातही दाव्यापेक्षा सर्च रिपोर्ट, म्हणजे मिळकतीच्या मालकीचा शोध अहवाल. बँका, पतसंस्था आणि खरेदीदार यांना मिळकतीचा मागचा इतिहास तपासून हवा असतो. फी माफक असली तरी ती वेळेवर मिळते, आणि न्यायालयात उभे न राहताही नाव होते. हे काम शिकायचे तर सातबारा, आठ-अ, फेरफार आणि दुय्यम निबंधकांकडची इंडेक्स टूची (नोंदणी झालेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची) नोंद एकमेकांशी ताडून पाहण्याची सवय लावावी लागते. एका ज्युनिअरने आणलेला मसुदा आठवतो: सातबारा स्वच्छ, बोजा नाही, अहवालाचा शेवट "मालकी निर्वेध" असा. मी फक्त एवढेच विचारले, की वारसनोंदीच्या फेरफारात दिसणाऱ्या दोन बहिणी पुढच्या फेरफारात का दिसत नाहीत? तिथे "हक्कसोड" असा शेरा होता, पण नोंदणीकृत हक्कसोडपत्र शोधूनही मिळाले नाही. त्या एका ओळीवर खरेदी थांबली. असे दोन अहवाल अचूक दिले, की तोच पक्षकार वाटपाचा दावा आणि निशाणी पाचचा, म्हणजे दाव्यासोबतचा तात्पुरत्या मनाईचा अर्ज घेऊन येतो. याच्याच जोडीला महसुली कामे असतात: फेरफारावरील हरकत, प्रांताधिकाऱ्यांकडचे अपील, किंवा शेताचा रस्ता अडवल्याबद्दल १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखालचा अर्ज. मोठे वकील या कामांकडे फारसे फिरकत नाहीत, म्हणून जागा मोकळी आहे.

फौजदारीत स्वतःची फाइल लवकर येते, कारण अटक झालेल्या माणसाच्या नातेवाइकांना वकील त्याच दुपारी हवा असतो. सध्या नव्यांना आणखी एक संधी आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि तिच्यासोबतचे दोन कायदे लागू झाल्याने तीस वर्षे कलमे पाठ असलेल्या सिनियरलाही नवे क्रमांक शोधावे लागतात, तर त्याआधीच्या गुन्ह्यांसाठी जुनी दंडसंहिता चालूच आहे. दोन्ही तोंडपाठ असलेला ज्युनिअर कोणत्याही ऑफिसात हवाहवासा होतो. रिमांडला उभे राहावे, साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आले की नाही याची डायरी ठेवावी, आणि उलटतपासणी ऐकायला दुसऱ्यांच्या खटल्यातही बसावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडील लोकअभिरक्षक पद्धतीत (गरजू आरोपींना मोफत वकील देण्याच्या व्यवस्थेत) सहायक पदासाठी नवख्यांचाही विचार होतो. तिथे मानधन ठरलेले आणि खटले भरपूर. मात्र त्या काळात खासगी खटले घेता येत नाहीत, हे आधी वाचून घ्यावे.

धनादेश न वटल्याची प्रकरणे ही शिस्तीची शाळा आहे: बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांची मुदत, त्यानंतर एका महिन्यात फिर्याद. एक तारीख चुकली की प्रकरण अडचणीत येते. मोटार अपघाताच्या दाव्यांत काम आहे, पण भरपाईच्या टक्क्यांवर फी ठरवण्याची जी रीत सर्रास दिसते, ती वकिलांच्या आचारनियमांत बसत नाही. ग्राहक आयोग आणि महारेरा (बांधकाम प्रकल्पांबाबतच्या तक्रारी ऐकणारे प्राधिकरण) येथे पक्षकार स्वतःही बाजू मांडू शकतो, त्यामुळे केवळ त्यावर ऑफिस चालवणे कठीण. कौटुंबिक कामे भरपूर येतात. ती करायला धीर लागतो.

मुंबईतल्या कंपनी, दिवाळखोरी आणि कर या कामांचे गणित निराळे आहे. तिथे फाइल फर्मची असते, तुमची नसते. पगार पहिल्या महिन्यापासून मिळतो, पण प्रवेश बराचसा इंटर्नशिपमधून होतो, म्हणून शेवटच्या वर्षाआधीच दारे ठोठवावी लागतात, आणि इंग्रजी मसुदा नेमका लिहिता यावा लागतो. सॉलिसिटर व्हायचे असेल तर तीन वर्षांची आर्टिकलशिप (सॉलिसिटरच्या हाताखालची उमेदवारी) आणि परीक्षा यांची तयारी ठेवावी.

पश्चिम महाराष्ट्र आणि तळकोकणातील मुलांनी एक बदल विशेष लक्षात घ्यावा. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) कोल्हापुरात सुरू झाले असून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याकडे आले आहेत. अपील आणि रिट यांचा मसुदा करू शकणारे, मराठी कागदपत्रांचे इंग्रजी भाषांतर नीट करणारे ज्युनिअर तिथे लागणारच.

निवड करण्यापूर्वी महिनाभर आपल्याच न्यायालयाचा रोजचा बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पाहावा, कोणत्या प्रकारची प्रकरणे किती लागतात आणि तीच तीन-चार नावे कोठे दिसतात, याची वहीत नोंद करावी. मग त्या नावांपैकी ज्यांच्याकडे ज्युनिअर टिकतात, त्यांना भेटावे. पहिल्या भेटीत मानधनाबरोबर हेही नम्रपणे विचारावे, की सर, वकीलपत्रावर माझे नाव येईल का? तीन वर्षांनी न्यायाधीशपदाच्या अर्जासाठी वकिलीचे प्रमाणपत्र मागायची वेळ येईल, तेव्हा काम केल्याचा पुरावा म्हणून तोच कागद पुढे ठेवता येईल.