सीएनसी राउटरवर पेटीचे दाते कसे कापावेत

ड्रॉवर असो, दागिन्यांची पेटी असो की हत्यारांचा खोका, चार फळ्या कोपऱ्यात एकमेकींत गुंतवायच्या असतील तर सीएनसी राउटरला (संगणकाच्या सूचनांवर फिरत्या बिटाने, म्हणजे कापणाऱ्या पात्याने, लाकूड कापणारं मशीन) फिंगर जॉइंटइतका सोयीचा सांधा दुसरा नाही. एका फळीचे दाते दुसरीच्या खाचांत बसतात, गोंदाला भरपूर जागा मिळते, खिळे-स्क्रू लागत नाहीत. पण सांधा घट्ट बसणार की हलणार, हे मिलिमीटरच्या दहाव्या भागावर ठरतं. हा दहावा भाग पडद्यावरच्या चित्रात दिसत नाही. तो फळीत आणि बिटात मोजावा लागतो.

उदाहरणाला १२ मिमी प्लायचा, ८४ मिमी उंचीचा ड्रॉवर घेऊ. ८४ चे १२-१२ मिमीचे ७ भाग होतात. भाग विषम ठेवले की लांब फळीला ४ दाते आणि आखूड फळीला ३ दाते येतात, वरची आणि खालची कड सारखी दिसते.

सुरुवात व्हर्नियर कॅलिपरने प्लायची जाडी मोजून करा. १२ मिमी म्हणून विकला जाणारा प्लाय बऱ्याचदा थोडा कमी भरतो, म्हणून चार-पाच ठिकाणी मोजा. खाचेची खोली म्हणजे समोरच्या फळीची मोजलेली जाडी अधिक ०.२ मिमी. हे ०.२ मिमी जोडणीनंतर दात्यांच्या टोकांना बाहेर राहतात आणि घासून सपाट करता येतात.

बिट ६ मिमीचं, दोन धारांचं, कार्बाइडचं घ्या. सागाच्या लाकडात सिलिका असते, त्यामुळे साध्या हायस्पीड स्टीलची धार लवकर जाते. खाच १२ मिमीची आहे म्हणून १२ मिमीचं बिट लावायचा मोह टाळा. बिट खाचेपेक्षा लहान असेल तरच दोन्ही भिंती वेगवेगळ्या कापल्या जातात आणि माप किंचित कमी-जास्त करता येतं.

आता कोपऱ्यांचा प्रश्न. फळी आडवी ठेवून कापली तर ६ मिमीचं बिट खाचेच्या आतल्या कोपऱ्यात ३ मिमी त्रिज्येची गोलाई सोडतं आणि समोरचा चौकोनी दाता तिथे अडतो. एक उपाय म्हणजे चित्रातच प्रत्येक कोपऱ्याला डॉगबोन देणं, म्हणजे बिट कोपऱ्यात थोडं पुढे जाऊन गोल खळगा करतं. व्हीकार्वसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. खळगे बाहेरून दिसतात; ते नको असतील तर पटाशीने कोपरे चौकोनी करा. दुसरा उपाय मला जास्त आवडतो: फळी मशीनच्या पुढच्या कडेला उभी आवळा आणि टोकाकडून खाली कापा. मग बिट फळीच्या जाडीतून आरपार जातं आणि खाचेचा तळ आपोआप चौकोनी येतो. त्यासाठी बिट फिरवणारा स्पिंडल टेबलाच्या कडेबाहेर पोचायला हवा, फळी गुण्याने तपासून नव्वद अंशात हवी आणि पुढे-मागे टाकाऊ फळीचा आधार हवा, नाहीतर बिट बाहेर पडताना प्लायचा वरचा थर उचकटतो. आडव्या कामात तोच थर वाचवायचा असेल तर डाउनकट, म्हणजे खाली दाबत कापणारं, बिट लावा. ते भुसा खाचेत दाबतं, म्हणून व्हॅक्यूमची नळी जवळ हवी.

बिट पुढे सरकवण्याच्या वेगाचा हिशेब सोपा आहे: मिनिटाचे फेरे × धारा × प्रत्येक धारेने कापायची जाडी. १८,००० फेरे, २ धारा आणि ०.०५ मिमी घेतले तर मिनिटाला १,८०० मिमी. एका वेळी ३ मिमीच खोल जा. छोटी मशीन थरथरत असेल तर खोली कमी करा. वेग फार उतरवू नका, कारण बिट कापण्याऐवजी घासायला लागलं की लाकूड काळं पडतं.

यानंतर चाचणी, आणि ती टाळायची नाही. त्याच प्लायच्या दोन तुकड्यांवर तीन-तीन दाते कापा. बिट किंचित डगमगत फिरतं, त्यामुळे खाच सांगितल्यापेक्षा रुंद येऊ शकते. खाच आणि दाता दोन्ही मोजा. खाच दात्यापेक्षा साधारण ०.१ मिमी रुंद हवी. त्यासाठी प्रत्येक भिंत ०.०२५ मिमी सरकवली तरी पुरते: खाच ०.०५ ने वाढते, दाता ०.०५ ने कमी होतो. हाताने दाबून, शेवटी लाकडी हातोड्याची हलकी थाप देऊन सांधा बसला, की माप बरोबर. कोरडा असताना ठोकूनच बसणारा सांधा गोंद लावल्यावर बसत नाही, कारण पाण्यातल्या गोंदाने लाकूड फुगतं. चाचणी आणि खरी फळी एकाच दिवशी कापा. कोकणातल्या पावसाळ्यात सागाची फळी रुंदीत फुगते, आठवड्यापूर्वीचं माप मग खरं राहत नाही.

तळाच्या प्लायसाठी आतल्या बाजूला ५ मिमी खोल खोबण घ्या. रुंदी तळाच्या मोजलेल्या जाडीइतकी, तीही बिटापेक्षा जास्त. ही खोबण लांब फळीच्या दात्याच्या उंचीवर येऊ द्या. लांब फळीवर ती टोकाच्या सुमारे ७ मिमी आधी थांबवा. आरपार नेली तर बाहेरून भोक दिसतं. आखूड फळीवर त्या जागी खाचच असते, तिथे खोबण सरळ बाहेर काढा. थांबवलेल्या खोबणीचं टोक गोल येतं, म्हणून तळाचे चारही कोपरे थोडे छाटा.

मशीन चालू असताना चष्मा, मास्क आणि भुसा खेचणारा व्हॅक्यूम हवाच. लाकडाच्या भुशाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांत गणलं आहे. दाते हाताने साफ करायचे असतील तर आधी स्पिंडल पूर्ण थांबू द्या.

चारही फळ्या आणि तळ एकदा कोरडेच जोडून पाहा. मग दात्यांच्या बाजूंना फेविकॉलचा पातळ थर द्या, तळाला गोंद लावू नका, क्लँप आवळा आणि दोन्ही कर्ण मोजा. फरक दिसला तर लांब कर्णाच्या दिशेने क्लँप लावून हळू ओढा. गोंद ओला असतानाच हे होतं.