माटोळी बांधताना या चुका टाळा

गोव्यात चवथीला गणपतीच्या वर फळे, पाने, फुले बांधलेली लाकडी चौकट टांगतात, ती माटोळी. ती दुसऱ्याच दिवशी एका बाजूला कलते, तेव्हा दोष बहुतेक वेळा बांधण्याच्या क्रमात असतो. पाने-फुले आधी आणि जड घड शेवटी बांधले तर चौकट झुकणारच. नारळांचा घड, सुपारीचे घोस, केळीचा घड आधी समोरासमोर बांधा, चौकट सरळ राहते का पाहा, मगच बाकीचे.

बांधायला केवणीच्या (मुरुडशेंगेच्या) सालीचा दोर घ्यावा. कोरडा वापरला तर गाठीतच तुटतो, म्हणून भिजवून घ्या. वाळल्यावर तो सैल पडतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी गाठी चाचपायला विसरू नका. प्लास्टिकची दोरी नकोच.

चिकाकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. निरफणस, नागलकुडा तोडल्या तोडल्या टांगले की चीक थेट मातीच्या मूर्तीवर ठिबकतो आणि रंगावरचा तो डाग काही निघत नाही. आदल्या दिवशी तोडा, देठ खाली करून पडवीत ठेवा, चीक गळून सुकू द्या. पावसात तोडलेल्या डहाळ्याही निथळल्याशिवाय वर चढवू नयेत. आंब्याच्या डहाळ्या मात्र अंगणातच झटका, नाहीतर हुमले, म्हणजे चावऱ्या तांबड्या मुंग्या, घरभर होतात.

शेरवडाची पांढरी पाने आणि तेरडा लवकर मान टाकतात, ते चवथीच्या सकाळीच लावा. केळी भरलेली पण हिरवीच हवीत. पिकत आलेला घड समईच्या उबेत आणखी लवकर पिकतो आणि केळी गळू लागतात.

मला सगळ्यात टोचते ती रानातली ओरबाड. कळलावीचे फूल हवे म्हणून वेल कंदासकट उपटला, तर पुढच्या चवथीला त्या जागी काय उगवणार? फुलापुरता देठ कापा. कांगोणीचे घोस तोडा, वेल तोडू नका. माटोळीच्या स्पर्धांत शेकडो जिन्नस टांगतात, त्यातून मुलांना रानफळांची ओळख होते, हे चांगलेच आहे. पण घरच्या माटोळीला ती चढाओढ कशाला? कुळागरात (नारळ-सुपारीच्या बागेत) आणि कुंपणावर जे मिळेल तेवढ्यानेही ती भरते.

विसर्जनानंतर फळे वाटण्याआधी कवंडळ आणि कळलावी वेगळी काढा. दोन्ही विषारी आहेत. कळलावीत तर कोल्चिसिन हे जहाल विष असते. कवंडळाचे लालभडक फळ मुलांना हमखास खुणावते, ते त्यांच्या हाती लागू देऊ नका.