गोधडी शिवण्याआधी: कापड धुण्याची, इस्त्रीची आणि ठेवणीची तयारी

गोधडीत कापडाचे थर धावदोऱ्याने एकमेकांना जखडलेले असतात आणि एकदा जखडल्यावर त्यांपैकी एकालाही स्वतंत्रपणे आटता येत नाही. नवे कापड जुन्यावर शिवले आणि नंतर गोधडी धुतली, तर नवे आटते, जुने आटत नाही, आणि दोन टाक्यांमधले कापड फुगून चुण्या पडतात. म्हणून जे आटणार आहे ते आधीच आटवून घ्यावे, जो रंग सुटणार आहे तो आधीच सुटू द्यावा, आणि अनेक वर्षे धुऊन मऊ झालेले लुगडे व कालच दुकानातून आणलेला मांजरपाट एका पातळीवर आले की मगच सुई हाती घ्यावी. गोधड्या बहुधा उन्हाळ्यात, शेतीची कामे थंडावल्यावर शिवल्या जातात. त्यामुळे ही तयारी फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू केली तर वाळवायला भरपूर ऊन मिळते.

पहिले काम निवडीचे आहे आणि ते धुण्याच्या आधीच करावे, कारण विरलेले कापड धुताना आणखी फाटते. प्रत्येक कापड उलगडून उजेडासमोर धरावे. नऊवारी लुगडे सुमारे आठ मीटर लांब असले तरी ते सगळीकडे सारखे झिजत नाही. बसण्याच्या जागी आणि कासोट्याच्या भागात वीण विरळ झालेली दिसते, तर पदराकडचा भाग पुष्कळदा शाबूत असतो. शंका वाटेल तिथे दोन्ही अंगठ्यांमध्ये कापड धरून हलकेच ताणून पाहावे. धागे सरकले तर तो भाग आतल्या थरासाठी वेगळा ठेवावा, आणि फाटलाच तर मोह न धरता टाकून द्यावा, कारण कुजलेल्या कापडावर घातलेला टाका टिकत नाही. याच बैठकीत साडीचा फॉल उसवून काढावा आणि हुक, टाचण्या, टिकल्या, गुंडाळलेले दोरे काढून टाकावेत. जरीचा काठ कितीही देखणा असला तरी तो सुताच्या कापडापासून वेगळा करावा. इरकली लुगड्यात तर अंग सुती आणि काठ रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असतो, ते दोन्ही सारखे आटत नाहीत आणि एकत्र ठेवल्यास काठाजवळ कायमची सुरकुती राहते. असे काठ नंतर वरून पट्टी म्हणून लावता येतात.

कापड सुती आहे की मिश्र, हे हाताला कळत नसेल तर कडेचा एक धागा ओढून तो ताटलीत जाळून पाहावा. सूत जळताना कागद जळल्याचा वास येतो आणि बोटांत चुरडणारी मऊ राख उरते, तर पॉलिएस्टर वितळून टोकाशी कडक मणी होतो. टेरिकॉटचे आणि कृत्रिम साड्यांचे तुकडे सुती थरांत मिसळू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. ते आटत नाहीत, घाम शोषत नाहीत, आणि सुतासाठी तापवलेल्या इस्त्रीखाली टिकतही नाहीत.

धुण्याआधी रंगाची परीक्षा घ्यावी. गडद लाल, किरमिजी, निळे आणि काळे कापड, तसेच खणाचे नवे तुकडे, प्रत्येकी वेगळ्या पांढऱ्या वाटीत कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावेत. पाणी रंगले तर ते कापड इतरांबरोबर धुऊ नये आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत पुन्हा पुन्हा वेगळे खळबळावे. मीठ किंवा व्हिनेगर टाकले की रंग पक्का होतो असे अनेक घरांत मानले जाते, परंतु आधीच रंगवून आलेल्या आजच्या कापडाचा सुटणारा रंग त्याने थांबत नाही. सुटणारा रंग म्हणजे बहुतांशी धाग्याला न चिकटता वर राहिलेला जादा रंग असतो आणि तो धुऊनच काढावा लागतो. चार-पाच धुण्यांनंतरही पाणी रंगतच असेल, तर ते कापड पांढऱ्या अस्तराच्या गोधडीत वापरू नये.

प्रत्यक्ष धुताना नव्या आणि जुन्या कापडांचे ढीग वेगळे ठेवावेत. मांजरपाट, पॉपलिन, कॅम्ब्रिक असे नवे कापड खळ घातलेले असते. ती उतरण्यासाठी कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजत घालावे आणि सकाळी गरम पाण्यात सौम्य साबणाने धुवावे. सुती कापड पहिल्या धुण्यांत साधारण ३ ते ५ टक्के आटते, विरळ विणीचे आणि हातमागाचे कधी त्याहूनही जास्त. पाच बाय सात फुटांच्या गोधडीत ७ फूट म्हणजे ८४ इंच, आणि त्यातले ५ टक्के म्हणजे चार इंचांहून अधिक होतात. म्हणून अस्तराचे कापड घेताना ही घट धरूनच घ्यावे आणि मोजमाप नेहमी धुतल्यानंतरचे लिहावे. नवे कापड एकदा धुऊन भागत नाही. दोनदा धुऊन वाळवलेले बरे. जुन्या लुगड्यांना मात्र गरम पाणी नको, आपटणे नको आणि पिळणेही नको. त्यांना रिठ्याच्या पाण्यात किंवा सौम्य साबणात हाताने दाबून धुवावे. ब्लीच टाळावे, कारण त्याने सूत कमजोर होते. कापड मऊ करणारी द्रव्येही टाळावीत, कारण त्यांचा थर धाग्यावर बसून राहतो, आणि मऊपणा तर जुन्या सुतात मुळातच असतो.

शिंप्याकडून आणलेली कातरण मशीनमध्ये सुटी टाकली तर कडांचे धागे सुटून त्यांचा गुंता होतो. मोठ्या तुकड्यांचे चारही कोपरे किंचित तिरके कापले तर कडा कमी उसवतात, आणि लहान तुकडे जाळीच्या पिशवीत घालून किंवा घमेल्यात हाताने धुवावेत. डागांची व्यवस्था इस्त्रीच्या आधी करावी, कारण उष्णतेने डाग पक्के होतात. हळदीचा डाग साबण लावताच लालसर होतो, त्याने घाबरू नये. तेवढा भाग उन्हात ठेवला की तो फिका पडत जातो. तेलाच्या डागावर साबण चोळून थोडा वेळ थांबावे. बाकी रंगीत कापड सावलीत, उलटी बाजू वर करून वाळवावे आणि पांढरे कडक उन्हात. वाळत घालताना ओले कापड दोरीवर तिरके लोंबू देऊ नये, नाहीतर ते उरेब दिशेने ताणले जाते आणि मग उभे-आडवे धागे जुळवणे जिकिरीचे होते.

इस्त्रीसाठी कापड थोडे ओलसर असतानाच घ्यावे. पूर्ण वाळले असेल तर पाण्याचा हलका शिडकावा करून ते गुंडाळून काही वेळ ठेवावे, म्हणजे ओल सगळीकडे सारखी पसरते. इस्त्रीवर ठिपक्यांच्या खुणा असतील तर त्यांचा अर्थ ध्यानात ठेवावा: एक ठिपका सुमारे ११० अंश सेल्सिअस, दोन सुमारे १५० आणि तीन सुमारे २००. सुताला तीन ठिपके चालतात, रेशमी काठाला दोनांच्या पुढे जाऊ नये. इथे एक सवय बदलावी लागते. सदऱ्याला करतो तशी इस्त्री पुढेमागे फिरवू नये, विशेषतः कापलेल्या तुकड्यांवर. ती ठेवावी, दाबावी, उचलावी आणि पुढे ठेवावी. कापड फिरवून सरकवताना त्याची दिशा उभ्या किंवा आडव्या धाग्याचीच असावी, तिरकी नव्हे. गडद रंगांवर उलट्या बाजूने इस्त्री केल्यास चकाकी येत नाही. कापड कडक यावे म्हणून कांजी लावायची असेल तर ती शिवण्याच्या आदल्या दिवशी लावावी, ठेवणीत जाणाऱ्या कापडाला मुळीच लावू नये, कारण कसर आणि झुरळे त्या खळीवरच पोसली जातात.

ठेवणीत पहिला शत्रू ओल आहे. इस्त्रीनंतर कापड लगेच पेटीत न ठेवता पूर्ण थंड आणि कोरडे होऊ द्यावे. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत दमट कापड ठेवले की बुरशी धरते. त्यापेक्षा धुतलेल्या जुन्या सुती पिशव्या किंवा मलमलीचे बोचके उत्तम. पत्र्याची ट्रंक असेल तर गंजाचे डाग पडू नयेत म्हणून तळाला आणि बाजूंना धुतलेले पांढरे कापड अंथरावे. वर्तमानपत्र मात्र वापरू नये, कारण त्याची शाई लागते आणि जुना होत गेलेला कागद कापडाला पिवळे करतो. किड्यांसाठी सुकवलेला कडुनिंबाचा पाला किंवा वेखंडाचे तुकडे पातळ पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवावेत, म्हणजे कापडाला डाग लागत नाही. डांबराच्या गोळ्यांविषयी सावध राहावे. बाळाचे दुपटे ज्या कापडातून शिवायचे आहे त्याजवळ त्या कधीही ठेवू नयेत, कारण त्यांतील नॅफ्थॅलिनमुळे जी-६-पीडी हे विकर जन्मतः कमी असलेल्या बाळाच्या तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात आणि अशी कमतरता बाहेरून ओळखू येत नाही.

एका बोचक्यात एकाच प्रकारचे कापड ठेवावे आणि त्यावर पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाचावी: कापडाचा प्रकार, धुतल्यानंतरची लांबी-रुंदी आणि किती वेळा धुतले. न धुतलेले कापड या बोचक्यांजवळही ठेवू नये, कारण एकदा मिसळले की डोळ्यांना फरक कळत नाही. घडी नेहमी त्याच रेषेवर पडली तर त्या रेषेत धागे तुटतात, म्हणून दर तीन-चार महिन्यांनी घडी बदलावी. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, बोचकी जमिनीपासून आणि भिंतीपासून दूर ठेवावीत आणि उघडीप मिळेल त्या दिवशी वारा लावावा. नवरात्राआधी अंथरुणे-पांघरुणे धुऊन दसरा काढला जातो त्याच दिवसांत या साठ्यालाही ऊन दाखवावे. मात्र रंगीत कापडाला दुपारचे ऊन न देता सकाळचे कोवळे ऊन पुरते. शिवायला काढल्यावर कापड एक दिवस मोकळ्या हवेत पसरून ठेवावे, चुण्या इस्त्रीने दाबाव्यात, अस्तराचा मोठा तुकडा जमिनीवर चहूबाजूंनी सारखा ताणून त्याच्या कडांवर वजन ठेवावे आणि त्यावर पहिला थर अंथरावा.