टॉप स्पीड वाढवताना या चुका टाळा

अश्वशक्ती दहा टक्क्यांनी वाढवली की कमाल वेगही दहा टक्क्यांनी वाढतो, हा समज सर्वांत जुना आणि सर्वांत खर्चिक आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो कापण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून दुप्पट वेगाला केवळ हवेपोटी आठपट शक्ती लागते आणि दहा टक्के जादा शक्तीतून सपाट रस्त्यावर जेमतेम तीन टक्के वेग हाती येतो. १००१ अश्वशक्तीच्या बुगाटी वेरॉनने २००५ मध्ये ताशी ४०८ किलोमीटर वेग गाठला होता, तर १२०० अश्वशक्तीच्या सुपर स्पोर्टने २०१० मध्ये ४३१. जवळपास दोनशे अश्वशक्ती वाढवून पदरात पडले ते २३ किलोमीटर. तेव्हा दीडशे सीसीच्या मोटरसायकलला नुसता सायलेन्सर बदलून वीस किलोमीटर वाढवून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

दुसरी चूक स्प्रॉकेटची, म्हणजे चेन ओढणाऱ्या दातेरी चाकाची, आणि तिचा मला खरोखर वीट आला आहे. एका तरुणाने चौदा अश्वशक्तीच्या गाडीचे पुढचे पंधरा दातांचे स्प्रॉकेट काढून सतरा दातांचे बसवले, कारण कागदावर ताशी ११५ चे १३० होत होते. प्रत्यक्षात १३० ला त्याच गाडीला सुमारे वीस अश्वशक्ती लागली असती, आणि ती इंजिनात नव्हतीच. पाचव्या गिअरमध्ये काटा कमाल शक्तीच्या आरपीएमपर्यंत (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांपर्यंत) चढेना, चौथ्यात गाडी पाचव्यापेक्षा वेगाने पळे आणि चढावर पिकअप पार गेला. यावर त्याने क्लच प्लेटा बदलल्या, मग कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारे छिद्र) मोठा केला. मूळ दात परत बसवायला मात्र धीर नव्हता. अखेर आम्ही तेच केले आणि गाडी पूर्ववत झाली. माझी सवय अशी की इंजिनाला हात लावण्याआधी सपाट रस्त्यावर, शेवटच्या गिअरमध्ये, पूर्ण थ्रॉटलवर आरपीएमचा काटा कुठे थांबतो ते पाहायचे. तो कमाल शक्तीच्या आरपीएमच्या बराच अलीकडे थांबत असेल तर गिअरिंग लांब आहे, म्हणजे इंजिनाच्या ताकदीला झेपणार नाही इतके वेगाकडे झुकलेले. बराच पलीकडे जात असेल, तरच एखादा दात वाढवण्याचा विचार करावा.

हवा कमी अडवणे हा स्वस्त उपाय लोकांना कमीपणाचा का वाटतो, हे मला उमगत नाही. टाकीवर वाकून बसावे, उंच विंडशील्ड आणि बाजूच्या पेट्या काढाव्यात, मोटारीच्या टपावरचे रिकामे कॅरियर उतरवावे.

वजन घटवल्याने पिकअप आणि चढ सुधारतात, सपाटीवरचा कमाल वेग फारसा बदलत नाही.

स्पीडोमीटर मुद्दामच थोडा जास्त वेग दाखवतो, म्हणून मोजणी जीपीएसवर करावी. तीही बंद ट्रॅकवर, दोन्ही दिशांना गाडी पळवून आणि सरासरी काढून, कारण पाठीमागच्या वाऱ्याने दिलेले किलोमीटर समोरचा वारा परत घेतो.